आधी बाळंतीण, मग पिल्ले: फेरेटच्या पिल्लांचे दूध सुटेपर्यंत

फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या पाळीव प्राण्याची पिल्ले डोळे उघडण्याच्या आधीच मांस खाऊ लागतात. मांजराचे किंवा कुत्र्याचे पिल्लू आधी आजूबाजूला नीट पाहू लागते आणि मग ताटलीकडे वळते. फेरेटमध्ये हा क्रम उलटा असतो, आणि त्यांचे दूध सुटण्याच्या काळात आपण काय करावे व काय करू नये हे बरेचसे या एका गोष्टीवरून ठरते. गेल्या वर्षी मे ते ऑगस्ट या काळात आमच्या घरी एका फेरेट मादीची पिल्ले वाढली. त्यांना काय, केव्हा आणि कसे खाऊ घातले आणि त्यामागची कारणे कोणती होती, हे सविस्तर लिहावे असे तेव्हापासून मनात होते, कारण त्या दिवसांत मला मराठीत असे काही वाचायला मिळाले नव्हते.

आम्ही इंग्लंडमध्ये, दक्षिण यॉर्कशायरमधल्या एका गावात राहतो. हा पूर्वीचा कोळशाच्या खाणींचा पट्टा आहे. सशांच्या बिळात सोडून ससे बाहेर काढण्यासाठी फेरेट पाळण्याची इथे पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे, आणि आता बरेच लोक त्यांना केवळ लळा म्हणूनही पाळतात. मराठी वाचकाला फेरेटचे चित्र पाहून मुंगूस आठवेल, पण त्याचे कूळ वेगळे आहे. आपल्याकडचा ऊद, म्हणजे पाणमांजर, ज्या कुळात मोडतो, त्या कुळातला हा प्राणी आहे. युरोपातल्या पोलकॅट या रानटी प्राण्यापासून माणसाने त्याला दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी माणसाळवले.

एप्रिलमध्ये कुणाच्या तरी बागेत सापडलेली एक मादी प्राण्यांची काळजी घेणाऱ्या स्थानिक स्वयंसेवकांनी आमच्याकडे तात्पुरती सांभाळायला दिली. ती हडकलेली होती, तरी पोट मात्र भरलेले वाटत होते. पशुवैद्यबाईंनी पोट चाचपून ती गाभण असल्याचे सांगितले. मुलीने तिचे नाव चिंगी ठेवले. फेरेटचा गाभणकाळ साधारण बेचाळीस दिवसांचा असतो, आणि चिंगी नेमकी कधी फळली हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्यामुळे तयारीला किती वेळ आहे याचा अंदाज तिच्या पोटाकडे पाहूनच करायचा होता.

पशुवैद्यबाईंचे पहिले वाक्य मी अजून विसरलेले नाही. त्या म्हणाल्या, पिल्लांची चिंता आत्ता करू नका, मादीला खाऊ घाला. गाभणपणाच्या शेवटच्या आठवड्यात मादीला एखादा दिवस जरी उपाशी राहावे लागले, विशेषतः पोटात पिल्ले पुष्कळ असतील तर, तिचे शरीर स्वतःचीच चरबी वेगाने जाळू लागते आणि त्यात मादी व पिल्ले दोन्ही दगावू शकतात. म्हणून चिंगीसमोर रात्रंदिवस अन्न राहील याची व्यवस्था केली. फेरेट हा निखळ मांसाहारी प्राणी आहे. त्याचे आतडे आखूड असते, लहान व मोठ्या आतड्याच्या सांध्यावरची पिशवी त्याला नसतेच, आणि खाल्लेले अन्न तीन-चार तासांत शरीराबाहेर पडते. धान्य, कडधान्य, भाजी यांतून पोषण काढून घेण्याइतका वेळ आणि सोय त्या पोटात नाही. नेहमीच्या फेरेटच्या कोरड्या खाद्यात प्रथिने पस्तीस-चाळीस टक्के आणि चरबी वीस टक्क्यांच्या आसपास असते. बाळंतिणीला त्याहून अधिक चरबी लागते, म्हणून त्या खाद्याच्या जोडीला चिंगीला कोंबडीचे कातडीसकट मांस, सशाचा हाडासकट खिमा, काळीज आणि अधूनमधून कच्च्या अंड्याचा पिवळा बलक मिळत असे.

मी शाकाहारी घरात वाढले. हे सगळे स्वतःच्या हाताने चिरणे, मोजणे, फ्रीझरमधल्या वेगळ्या डब्यात ठेवणे मला सुरुवातीला जड गेले, हे खरे आहे. पण प्राणी घरात घेतला की त्याचा आहार त्याच्या पोटाने ठरतो, आपल्या संस्काराने नव्हे, हे मला मनापासून पटलेले आहे, आणि ज्यांना हे जमणार नसेल त्यांनी फेरेट पाळू नये असेच मी सांगेन.

मेच्या मध्यावर चिंगी व्याली. आठ पिल्ले झाली. त्यांतले एक पहिल्याच रात्री गेले. फेरेटचे नुकते जन्मलेले पिल्लू जेमतेम दहा ग्रॅमचे, म्हणजे हाताच्या करंगळीएवढे असते. डोळे मिटलेले, कान बंद, अंगावर पांढरी विरळ लव. पहिले काही दिवस मादी व्यालेल्या पेटीत हात घालू नये, कारण बिथरलेली मादी स्वतःची पिल्ले खाऊ शकते. हे नियम म्हणून आम्ही पाळले. आमच्या शेजारी एक आजोबा राहतात, त्यांनी खाणीत काम करीत असल्यापासून फेरेट पाळलेली आहेत. पेटी उघडायची तेव्हा मादीला माशाच्या तेलाचा थेंब चाटायला देऊन आधी बाहेर घ्यायचे आणि पिल्लांना हात लावण्याआधी पेटीतलेच गवत तळहातावर चोळायचे, ही रीत त्यांनी दाखवली. आपल्या साबणाचा वास पिल्लांना लागला की आई संशय घेते.

पहिले तीन आठवडे माणसाचे काम आईचा खुराक आणि पाणी एवढेच असते. पिल्ले पाच दिवसांत वजनाने दुप्पट आणि दहा दिवसांत तिप्पट होतात. ही सगळी वाढ पाऊण किलोच्या त्या मादीच्या अंगावरच्या दुधातून व्हायची असते. चिंगी नेहमीच्या दुपटीहून अधिक खात होती आणि तरीही तिची पाठ खपाटीला जात होती. पाण्याची बाटली तिला पुरत नव्हती, म्हणून एक जड मातीचे भांडे ठेवले, आणि ते दिवसातून किती वेळा भरावे लागते याकडे माझे सारखे लक्ष असे, कारण पाणी कमी पडले की पान्हा आटतो. पिल्ले स्वतःहून शी-शू करू शकत नाहीत. आई चाटते तेव्हाच ती होते. पेटी कोरडी आणि जवळपास बिनवासाची राहत असे, ती यामुळे.

पिल्लांची वजने मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर घेत होते. इतर पिल्ले आठवड्याच्या वयाला तीस ग्रॅमच्या घरात गेली तेव्हा एक मादी-पिल्लू बरेच मागे होते. मुलीने तिला राई म्हणायला सुरुवात केली. मादीला सड बहुधा आठ असतात, तेव्हा सात पिल्लांना जागा नव्हती असे नाही. पण मोठे नर रेटून पुढे जात आणि राई बाजूला पडे. अशा पिल्लाला पूर्णपणे बाटलीवर घ्यायचे मनात येते, परंतु फेरेटचे पिल्लू पहिल्या दहा-बारा दिवसांत आईच्या दुधावाचून क्वचितच जगते. म्हणून दोन आठवडे पूर्ण होईपर्यंत आम्ही एवढेच केले की चिंगी पेटीत आडवी झाली की मोठ्या दोन नरांना थोडा वेळ उबदार डब्यात बाजूला ठेवायचे आणि राईला निवांत पिऊ द्यायचे. त्यानंतर पशुवैद्यबाईंच्या सल्ल्याने मांजराच्या पिल्लांसाठी मिळणाऱ्या दुधाच्या भुकटीत साय मिसळून वरचे दूध सुरू केले. साय अशासाठी की फेरेटच्या दुधात चरबी बरीच असते आणि नुसती भुकटी त्यांना पातळ पडते.

हे पाजताना पिल्लाला पालथे, पोटावर ठेवावे लागते. माणसाच्या बाळासारखे उताणे धरले तर दूध श्वासनलिकेत जाते आणि पिल्लू न्यूमोनियाने दगावू शकते. मी मांडीवर मऊ कापड घेऊन त्यावर राईला ठेवी, अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात तिचे डोके येई, आणि ड्रॉपरच्या टोकाशी एक थेंब लोंबू लागला की तो तिच्या ओठाला नुसता टेकवायचा. ती थेंब चाटून घेई, मग पुढचे पाय माझ्या बोटावर दाबू लागे, जसे सडावर दाबतात तसे. नाकातून बुडबुडा आला की थांबायचे, डोके खाली करून नाक पुसायचे. पाजून झाल्यावर कोमट ओल्या कापसाने पोटाखाली चोळून शी-शू करवायची आणि लगेच पेटीत आईजवळ. ती आईपासून तुटली नाही, म्हणूनच ती वाचली असे मला वाटते.

याच सुमारास माझ्या आईचा सांगलीहून फोन आला. मी पिल्लांचे सांगत होते तेव्हा ती म्हणाली, “अगं, एवढ्याशा जिवांना मांस कसलं घालतेस? दूधपोळी कुस्करून घाल की, आपल्या मनीची पिल्लं त्यावरच तर वाढली.” मी तिला समजावले की गाईच्या दुधातली साखर फेरेटला पचत नाही, हगवण लागते, आणि इतक्या लहान जिवाच्या अंगातले पाणी एका दिवसात जाऊ शकते. योगायोग असा की शेजारच्या आजोबांचे वडीलही फेरेटना पाव आणि दूधच घालीत. इंग्लंडमध्ये तो बराच काळ नेहमीचा रिवाज होता. त्या काळची फेरेट अशक्त, पातळ शी करणारी आणि दातांनी खराब असत, असे आजोबा स्वतःच सांगतात. सशाची शिकार चांगली झाली की त्याच फेरेटच्या अंगावर तकाकी येई.

तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस दुधाचे दात हिरडीतून टोचू लागले आणि त्याच दिवसांत एका सकाळी चिंगीने तिच्या ताटलीतला कोंबडीचा तुकडा तोंडात धरून पेटीत ओढत नेला. मी झाकण जरासे उचलून पाहिले. पिल्लांचे डोळे घट्ट मिटलेले होते, कानही अजून उघडले नव्हते. तुकडा गवतावर पडला तशी सात नाके एकामागून एक वर उचलली गेली. मानेवर चरबीच्या वळ्या असलेली ती जड डोकी थरथरत त्या दिशेने फिरली, सगळ्यांत मोठ्या नराने तुकड्याची कड तोंडात धरून सडासारखी चोखायला सुरुवात केली, आणि इतरांनी त्याच्या अंगावरून चढत आपापली जागा शोधली. चिंगी बाजूला बसून पाहत होती. एक पिल्लू भरकटले तेव्हा तिने त्याला मानगुटीला धरून परत तुकड्यापाशी सोडले. उष्टावण तिने स्वतःच केले होते. मी फक्त त्या दिवसापासून मांस बारीक करून देऊ लागले.

पिल्ले वासावर येतात, म्हणून अन्न कोमट असले पाहिजे. फ्रीजमधून काढलेल्या खिम्याकडे ती ढुंकूनही पाहत नसत. तोच खिमा वाटी गरम पाण्यात ठेवून अंगाइतका ऊबदार केला की पेटीच्या दुसऱ्या टोकापासून सरपटत येत. कोरडे खाद्यही साध्या गरम पाण्यात भिजवून, लापशीइतके मऊ करून देत होते. पहिल्या दिवसांत ताटली अगदी सपाट, बशीसारखी हवी. आंधळे पिल्लू अन्नापाशी थांबत नाही, ते अन्नातून चालत जाते. खोलगट भांड्यात ते नाकापर्यंत रुतू शकते आणि पाण्याच्या खोल भांड्यात बुडून मरू शकते. खाऊन झाल्यावर सातही पिल्ले कानांपासून शेपटीपर्यंत खिम्याने माखलेली असत. त्यांना पुसायची घाई मी करीत नसे, कारण चिंगी प्रत्येकाला चाटून स्वच्छ करी आणि त्यातून तिचेही पोट भरे. मात्र मान आणि पोटाखाली वाळलेले अन्न चिकटून राहिले तर कातडी सोलवटते, तेवढे कोमट कापडाने काढावे लागे.

या पद्धतीतला खरा त्रास साठेबाजीचा आहे. आई आणि थोड्याच दिवसांत पिल्लेसुद्धा उरलेले मांस पेटीच्या कोपऱ्यात नेऊन दडवतात. जूनच्या उकाड्यात त्यावर माश्या बसतात, अंडी घालतात आणि अळ्या झोपलेल्या पिल्लांच्या अंगापर्यंत पोचू शकतात. म्हणून दिवसातून सकाळ-संध्याकाळ पेटीचा प्रत्येक कोपरा हाताने चाचपून काढायचा, गवत बदलायचे, आणि थोडे जुने कोरडे गवत वासासाठी परत ठेवायचे, हा नेम झाला. कच्चे मांस हाताळल्यावर मुलीसह सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे, यावर मी अतिशय कडक होते.

पाचव्या आठवड्यात डोळे उघडले आणि घराचे रूपच बदलले. त्याआधीच एका नराला पातळ हगवण लागून कुंथण्याने गुदद्वारातून लाल कडे बाहेर आलेले दिसले. दूध सुटण्याच्या वयात असे होऊ शकते. आम्ही त्याला ताबडतोब पशुवैद्याकडे नेले. विष्ठा तपासली, औषध सुरू झाले, आणि त्याचे कोरडे खाद्य थांबवून काही दिवस फक्त आईचे दूध आणि कोंबडीचा मऊ खिमा ठेवला. बाहेर आलेला भाग सुकू द्यायचा नाही, हे महत्त्वाचे. तो आपोआप आत गेला. पिल्लांच्या विष्ठेकडे रोज पाहणे हे या दिवसांतले सगळ्यांत उपयोगी काम आहे: हिरवी आणि बुळबुळीत असेल तर पोट बिघडले आहे, दाणेदार असेल तर अन्न न पचताच बाहेर येत आहे, डांबरासारखी काळी असेल तर वाट पाहायची नाही.

मुलगी शाळेतून खोकला घेऊन आली तेव्हा तिला पिल्लांपासून पूर्ण दूर ठेवले, आणि तिची शुश्रूषा करणारी मी मास्क लावूनच पेटी उघडत होते. माणसाचा फ्लू फेरेटला होतो. 1933 साली लंडनच्या शास्त्रज्ञांनी माणसाच्या फ्लूचा विषाणू पहिल्यांदा वेगळा केला, तो फेरेटला त्याची लागण होते याच गुणामुळे. मोठे फेरेट त्यातून बरे होते, दूधपिते पिल्लू होईलच असे नाही.

सहाव्या आठवड्यापासून चिंगी पिल्लांना टाळू लागली. ती फळीवर चढून बसे, सात दातेरी तोंडे खालून पाय आणि पोट शोधत राहत, आणि ती थोडा वेळच खाली येऊन पाजत असे. हा तिचा निर्णय आहे, त्यात माणसाने घाई करू नये असे मला ठामपणे वाटते. पिल्ले तोवर दिवसातून चार-पाच वेळा खात होती आणि उथळ भांड्यातले पाणी पीत होती. कोरडे खाद्य भिजवण्याचे पाणी आम्ही हळूहळू कमी करीत नेले. सात आठवड्यांच्या सुमारास कायमचे सुळे आले, पण दुधाचे सुळे लगेच पडत नाहीत. काही दिवस प्रत्येक पिल्लाच्या तोंडात सुळ्यांच्या जोड्या शेजारी शेजारी उभ्या दिसत. याच काळात हाडासकट लहान तुकडे सुरू केले, कारण नुसत्या मांसावर वाढवले तर कॅल्शियम कमी पडते आणि हाडे वाकतात. इथे सर्रास मिळणारी, गोठवलेली एक दिवसाची कोंबडीची पिल्लेही दिली, मात्र आठवड्यातून थोडीच. त्यांची हाडे अजून कच्ची असतात, म्हणून त्यांच्यावरच भिस्त ठेवणे योग्य नाही.

आठ आठवडे पूर्ण झाल्यावर पिल्ले वेगळी केली, पण सगळी एकदम नाही. एकदम काढली तर सडांत दूध साचून कासदाह होतो, आणि फेरेटमध्ये तो फार झपाट्याने चिघळतो. आधी मोठे दोन नर, मग दोन दिवसांच्या अंतराने पुढची, असे करीत राईला शेवटी ठेवले. चिंगीचा खुराक त्याच बेताने थोडा कमी केला आणि तिचे सड रोज चाचपले. एकही सड कठीण किंवा गरम लागला नाही. दूध सुटले की मादी पुन्हा माजावर येते, आणि माजावर आलेली मादी फळली नाही तर तिचा माज लांबतच राहतो. त्या काळातल्या संप्रेरकांनी हाडांतला मगज निकामी होऊन मादी रक्तक्षयाने मरू शकते. चिंगीला पुन्हा पिल्ले होऊ द्यायची नव्हती, म्हणून माज रोखणारे रोपण, म्हणजे कातडीखाली बसवायची औषधाची बारीक कांडी, तिला त्याच आठवड्यात टोचून घेतले. जुलैच्या अखेरीस तिची पाठ पुन्हा भरली होती.

दूध सुटले म्हणजे खाण्याचे शिक्षण संपले असे मात्र नसते, आणि माझ्या मते बहुतेक लोक इथेच थांबतात. फेरेट कोणत्या वासाला अन्न मानणार, हे साधारण दुसऱ्या महिन्याच्या अखेरीपासून तिसऱ्या महिन्यापर्यंत ठरते. त्या दिवसांत जो वास नाकाला ओळखीचा झाला, तो जन्मभर अन्नाचा. जो झाला नाही, त्याच्यासमोर मोठेपणी भुकेले फेरेटही तोंड फिरवते. म्हणून नऊ ते बारा आठवडे या काळात मी मुद्दाम पालटून खायला घातले: ससा, कोंबडी, लावा पक्षी, काळीज, हृदय, आणि वेगवेगळ्या बनावटीचे दोन प्रकारचे कोरडे खाद्य. उंदीर फक्त एकदा दिला, तोही गोठवलेला. नव्या घरांत कोणाला कच्चे मांस द्यायचे होते, कोणाला फक्त कोरडे. दोन्ही घरांत पिल्लाचे अडू नये हा हेतू होता.

पिल्ले जोडीजोडीने गेली. प्रत्येक घरी आठवड्याभराचे सध्याचे खाद्य आणि त्याने आजवर खाल्लेल्या पदार्थांची यादी दिली. एका घरी कोरड्या खाद्याची तिसरीच बनावट आणली गेली आणि दोन्ही नर ताटलीकडे फिरकेनात. त्यांना जुन्या खाद्यात नव्याचे चिमूटभर दाणे मिसळून, दर दोन-तीन दिवसांनी प्रमाण वाढवत न्यायला सांगितले. तीन आठवड्यांत ते नवे खाद्य खाऊ लागले. राई आणि चिंगी आमच्याकडेच राहिल्या.